खताच्या क्रियेचा वेग व द्रव्यांचें प्रमाण

खत घालतांना शेतकऱ्यापुढें दोन प्रश्न उभे असतात. ‘किती घालावें’ हा पहिला व ‘केव्हां आणि कसें घालावें’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा विचार बहुतेक सर्वजण करतात. एकराचा हिशेब, पोत्यांचा हिशेब, रुपयांचा हिशेब हे सर्व त्याचेच प्रकार होत. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र पुष्कळदां शेजारच्या बांधाकडे पाहून दिलें जातें. वस्तुतः हे दोन प्रश्न परस्परांस परके नसून एकाच रासायनिक क्रियेच्या दोन बाजू आहेत. कोणतें द्रव्य किती खर्च होऊन कोणतें किती उत्पन्न होतें, हें सांगणें ही एक बाजू. आणि ही देवघेव किती वेगानें चालते, हें सांगणें ही दुसरी. या दोहोंची सांगड घालतां आली म्हणजे शेतांत टाकलेलें युरियाचें पोतें दिवसेंदिवस कोठें जातें, हें शेतकऱ्यास स्वतः पडताळून पाहतां येईल. तोच हिशेब येथें मांडण्याचें योजिलें आहे.

१. गाडीचा दृष्टांत

सुताराच्या कारखान्यांत बैलगाडी जुळविण्याचें काम चाललें आहे अशी कल्पना करा. एका गाडीस आंस एक व चाकें दोन लागतात. महिन्याकाठीं तीन गाड्या बाहेर पडत असतील, तर त्या महिन्यांत तीन आंस व सहा चाकें खर्च झालीं हें न मोजतांही सांगतां येतें. आतां कोणी विचारलें कीं, ‘कारखान्याचा वेग किती?’ तर काय उत्तर द्यावें? चाकें मोजणारा म्हणेल सहा, आंस मोजणारा म्हणेल तीन, तयार गाड्या मोजणारा म्हणेल तीन. तिघेही खरेंच बोलत आहेत. परंतु काम एकच असल्यामुळें वेगही एकच असला पाहिजे. म्हणून चाकांच्या संख्येस दोहोंनीं भागावें. सहास दोहोंनीं भागले असतां तीन येतात, आणि तिघांचें उत्तर एक होतें.

रासायनिक क्रियेचा वेग काढण्याची रीत हीच आहे. क्रियेच्या समीकरणांत ज्या द्रव्यापुढें जो आंकडा असतो त्यास गुणक म्हणतात. अमुक वेळांत तें द्रव्य जेवढें घटलें किंवा वाढलें असेल, त्यास त्याच्या गुणकानें भागावें. म्हणजे कोणत्याही द्रव्यावरून मोजलें तरी क्रियेचा वेग एकच निघतो. जें द्रव्य खर्च होतें त्याची संख्या घटत जाते, म्हणून तेथें घट धरावी. जें उत्पन्न होतें तेथें वाढ धरावी. एवढा भेद संभाळला म्हणजे झालें.

२. मोजणी कशाची करावी?

येथें एक अडचण आहे. चाकें व आंस नगांवर मोजतां येतात; युरिया, पाणी व वायु हे नगांवर मोजतां येत नाहींत, ते वजनावर मोजले जातात. आणि वजनें थेट एकमेकांशीं ताडून पाहिलीं तर घोटाळा होतो, कारण निरनिराळ्या द्रव्यांचे रेणू सारख्या वजनाचे नसतात. यासाठीं रसायनशास्त्रांत ‘मोल’ नांवाचें माप आहे. हें मोल म्हणजे किंमत नव्हे. आपण जसें बारा नगांस डझन व वीस नगांस कोडी म्हणतों, तसें ठराविक संख्येच्या रेणूंस एक मोल म्हणतात. ती संख्या अतिशय प्रचंड आहे. सहावर तेवीस शून्यें मांडल्यास तिची स्थूल कल्पना येते. शेतकऱ्यानें इतकें लक्षांत ठेवावें कीं, युरियाचें एक मोल वजनानें ६० ग्रॅम, पाण्याचें १८ ग्रॅम, अमोनियाचें १७ ग्रॅम व कर्बाम्लवायूचें ४४ ग्रॅम भरतें. किलोंतलें वजन प्रथम मोलांत आणावें, मग गुणकानें भागावें. हा क्रम चुकवूं नये.

३. ट्रॉम्बेच्या कारखान्यांतील हिशेब

आपल्या उपनगर जिल्ह्यांतील लोकांस या विषयाचें प्रत्यक्ष उदाहरण शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. घाटकोपरच्या दक्षिणेस चेंबूर ओलांडलें कीं ट्रॉम्बेचा खत कारखाना लागतो. भारतीय खत निगमाच्या या कारखान्यांत १९६५ साली उत्पादन सुरू झालें. पुढें १९७८ मध्यें निगमाची पुनर्रचना होऊन तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कंपनीकडे आला. याच कंपनीचा दुसरा मोठा कारखाना रायगड जिल्ह्यांत अलिबागजवळ थळ येथें आहे. ‘सुफला’ व ‘उज्ज्वला’ हीं नांवें आपल्या वाचकांच्या परिचयाचींच आहेत.

अशा कारखान्यांतील मूळ क्रिया म्हणजे हवेंतील नत्रवायु व उज्जवायु यांपासून अमोनिया करणें. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनीं ही कृति १९०९ मध्यें करून दाखविली व कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांनीं १९१३ मध्यें ओप्पाऊ येथें तिचा कारखाना चालूं झाला. तिचें समीकरण शब्दांनीं असें मांडतां येईल:

नत्र १ + उज्ज ३ = अमोनिया २

म्हणजे नत्राचा एक रेणू व उज्जाचे तीन रेणू मिळून अमोनियाचे दोन रेणू होतात. त्यावरून वेगाचें नातेंही उघड होतें. नत्र ज्या वेगानें खर्च होतो त्याच्या तिप्पट वेगानें उज्ज खर्च होतो व दुप्पट वेगानें अमोनिया तयार होतो. समजा, एखाद्या यंत्रांत तासास २००० मोल अमोनिया तयार होतो. तर त्याच तासांत १००० मोल नत्र व ३००० मोल उज्ज खर्च झाला. गुणकांनीं भागा: २००० भागिले २, १००० भागिले १, ३००० भागिले ३, तिन्ही ठिकाणीं १००० च येतात. क्रियेचा वेग तासास १००० मोल हा होय. वजनाचा पडताळा पाहूं: नत्र २८ किलो व उज्ज ६ किलो मिळून ३४ किलो, आणि अमोनियाही ३४ किलोच. जमा व खर्च बरोबर जुळतात.

पुढें या अमोनियाचे दोन भाग कर्बाम्लवायूच्या एका भागाशीं संयोग पावून युरियाचा एक व पाण्याचा एक भाग होतो. तोच युरिया पोत्यांत भरून आपल्या बांधावर येतो.

४. तेंच पोतें शेतांत

कारखान्यांत जें जोडलें तें शेतांत पुन्हां मोडतें. युरिया पाण्यांत विरघळतो व मातींतील जंतूंनीं निर्माण केलेल्या युरिएज नांवाच्या विकराच्या योगानें त्याचें विघटन होतें:

युरिया १ + पाणी १ = अमोनिया २ + कर्बाम्लवायु १

हें युरिएज प्रथम शुद्ध स्फटिकांच्या रूपानें वेगळें काढलें तें अमेरिकेंतील जेम्स समनर यांनीं १९२६ साली, आणि तेंही जॅक बीन नांवाच्या शेंगेच्या दाण्यांतून. ही शेंग आपल्या परसांतील अबईच्या गोत्रांतली आहे. या शोधाबद्दल त्यांस १९४६ च्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

आतां एक पूर्ण पोतें घेऊं. ४५ किलो युरिया म्हणजे ७५० मोल. तो संपूर्ण मोडण्यास ७५० मोल, म्हणजे साडेतेरा किलो पाणी लागेल. त्यापासून १५०० मोल, म्हणजे साडेपंचवीस किलो अमोनिया निघेल. आणि ७५० मोल, म्हणजे ३३ किलो कर्बाम्लवायु निघेल. इकडे ४५ व साडेतेरा मिळून साडेअठ्ठावन्न किलो. तिकडे साडेपंचवीस व ३३ मिळून साडेअठ्ठावन्न किलो. पोत्यांतील नत्र शेंकडा ४६ प्रमाणें २०.७ किलो असतें, तें सर्वच्या सर्व या साडेपंचवीस किलो अमोनियांत उतरलेलें असतें. ४५ किलो खताचा साडेपंचवीस किलोच अमोनिया झाला म्हणून उरलेलें खत वांया गेलें, अशी शंका घेण्याचें कारण नाहीं. उरलेला भाग कर्बाम्लवायूच्या रूपानें निघून जातो व त्याची पिकास खत म्हणून आवश्यकता नसते.

समजा, एके दिवशीं ६ किलो युरिया मोडला. ६ किलो म्हणजे १०० मोल. तर त्या दिवसांत १.८ किलो पाणी खर्च झालें, ३.४ किलो अमोनिया उत्पन्न झाला व ४.४ किलो कर्बाम्लवायु निघाला. वजनाचे चार आंकडे चार प्रकारचे दिसतात. परंतु त्यांचे मोल करून गुणकानें भागतांच चारही ठिकाणीं १०० येतात. क्रियेचा वेग दिवसास १०० मोल हा होय.

५. वेग बदलतो, नातें बदलत नाहीं

क्रिया रोज सारख्याच वेगानें चालते असें मात्र नाहीं. युरिया जसजसा कमी होत जातो, तसतसा वेगही सामान्यतः मंदावत जातो. उदाहरणादाखल असें धरूं कीं, एका शेतांत दर दोन दिवसांत शिल्लक युरियाचा निम्मा भाग मोडतो. ४५ किलोंपैकीं पहिल्या दोन दिवसांत साडेबावीस किलो गेला, त्यापासून १२.७५ किलो अमोनिया झाला. पुढील दोन दिवसांत ११.२५ किलो गेला. त्यापासून सुमारें ६.४ किलो अमोनिया झाला. त्यानंतरच्या दोन दिवसांत सुमारें ५.६ किलो गेला, त्यापासून ३.२ किलो अमोनिया झाला. वेग दर खेपेस निम्म्यावर आला. परंतु मोलांच्या हिशेबानें गेलेल्या युरियाच्या दुप्पट अमोनिया, हें नातें तिन्ही खेपांस अढळ राहिलें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें यांतील मर्म असें कीं, अमोनियाचा मोठा लोंढा पहिल्या कांहीं दिवसांतच येतो. खताची काळजी घ्यावयाची ती याच दिवसांत. आठवड्यानें जागे होऊन उपयोग नाहीं.

रासायनिक क्रियेचा वेग घड्याळ लावून मोजण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न जर्मनींत लुडविग विल्हेल्मी यांनीं १८५० साली केला. त्यांनीं घेतलेलें द्रव्य म्हणजे उंसाची साखर. आम्लयुक्त पाण्यांत साखरेचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूशीं संयोग पावून द्राक्षशर्करा व फलशर्करा यांचा एकेक रेणू होतो. शिल्लक साखर जितकी अधिक तितका वेग अधिक, असें त्यांस आढळून आलें. उंस तोडून फार वेळ पडून राहिल्यास साखरेचा उतारा घटतो, त्यांत याच क्रियेचा मोठा हात असतो.

६. दोन गैरसमज

या ठिकाणीं दोन गैरसमज होण्याचा संभव आहे. पहिला असा कीं, समीकरणांतील गुणकांवरून वेग किती हें कळतें. तसें नाहीं. गुणक फक्त प्रमाण सांगतात. गाडीस दोन चाकें लागतात एवढ्यावरून सुतार महिन्यास किती गाड्या करील हें कळत नाहीं. वेग हा प्रत्यक्ष प्रयोगानेंच कळतो व तो उष्णता, ओलावा, जमिनीचा प्रकार व विकराचें प्रमाण यांवर अवलंबून असतो. थंड व कोरड्या जमिनींत युरिया रेंगाळतो. उष्ण व दमट जमिनींत झपाट्यानें मोडतो. त्याचप्रमाणें युरिया दुप्पट टाकल्यास वेग दुप्पटच होईल असाही नियम नाहीं. बाजारांत कांटा एकच असेल तर गाड्यांची रांग कितीही वाढली तरी तासाभरांत तोलाईच्या खेपा वाढत नाहींत. तद्वत् विकराचे सर्व रेणू कामांत गुंतले असतां अधिक युरिया हा केवळ रांगेंत उभा राहतो.

दुसरा गैरसमज याहून सूक्ष्म आहे. कोणी मातींतील अमोनिया तपासून म्हणेल कीं, ‘युरिया तर शंभर मोल मोडला, मग अमोनिया दोनशें मोल कां सांपडत नाहीं?’ याचें उत्तर जमाखर्चाच्या वहींत आहे. जमा किती झाली हें शिल्लकेवरून ठरवितां येत नाहीं. कारण दरम्यान खर्चही झालेला असतो. अमोनिया उत्पन्न दोनशें मोलच झाला. पण त्यांतील कांहीं मुळांनीं घेतला, कांहीं जंतूंनीं घेतला, कांहींचें नायट्रेट झालें आणि कांहीं हवेंत उडून गेला. दुप्पटीचें नातें हें एका क्रियेंतील उत्पन्नाचें आहे, शेतांतील शिल्लकेचें नव्हे. जेथें एका क्रियेचें फळ दुसऱ्या क्रियेचें भांडवल होतें, तेथें प्रत्येक क्रियेचें खातें निराळें ठेवावें लागतें.

७. अमोनियाचें पुढें काय होतें?

अमोनिया मातींतील पाण्यांत मिसळला म्हणजे त्याचें अमोनियम होतें व चिकणमातीचे कण त्यास धरून ठेवतात. हें नत्र पिकाच्या हातीं सुरक्षित असतें. परंतु युरियाचा दाणा जमिनीच्या पृष्ठभागावरच विरघळला, तर त्याच्या भोंवतालची माती कांहीं काळ अल्कधर्मी होते व अमोनिया वायुरूपानें उडूं लागतो. भातखाचरांतील उभ्या पाण्यांत शेवाळ असल्यास दुपारच्या उन्हांत तें पाणी अल्कधर्मी होतें आणि ही गळती वाढते. हवा उष्ण, वारा वाहता व खत उघडें असेल, तर नत्राचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक अशा रीतीनें जाऊं शकतो. चौथा हिस्सा धरला तरी दर पोत्यामागें पांच किलोंहून अधिक नत्र, म्हणजे सव्वाअकरा किलो युरिया हवेच्या खातीं पडला. चार पोतीं टाकणाऱ्याचें एक संपूर्ण पोतें यांत जातें.

राहिलेल्या अमोनियाचें हवेशीर जमिनींत जंतूंच्या द्वारें नायट्रेट होतें. हें काम दोन टप्प्यांनीं चालतें. पहिल्यांत अमोनियाच्या २ भागांस प्राणवायूचे ३ भाग लागून त्याचें नायट्राइट होतें, व दुसऱ्यांत त्याच नायट्राइटच्या २ भागांस प्राणवायूचा १ भाग लागून नायट्रेट होतें. एकूण अमोनियाच्या एका मोलास प्राणवायूचे दोन मोल पडतात. आपल्या एका पोत्याचा १५०० मोल अमोनिया संपूर्ण पालटावयाचा तर ३००० मोल, म्हणजे ९६ किलो प्राणवायु लागेल. पाण्याखालच्या चिखलांत इतका प्राणवायु कोठून येणार? म्हणूनच भाताच्या खोल चिखलांत नत्र अमोनियमच्या रूपानें टिकून राहतें. उलट पालेभाजीच्या भुसभुशीत वाफ्यांत त्याचें लवकर नायट्रेट होतें. आणि नायट्रेटला मातीचे कण धरून ठेवीत नसल्यामुळें आपल्या कोंकणपट्टीच्या मुसळधार पावसांत तें सहज वाहून जातें.

२०१५ सालापासून देशांत तयार होणाऱ्या सर्व युरियास निंबोळी तेलाचा लेप देणें सरकारनें सक्तीचें केलें. या लेपानें मुख्यतः मंदावते ती अमोनियापासून नायट्रेट होण्याची क्रिया. ‘लेप आहे, आतां युरिया कसाही फेंकला तरी चालेल’ असें कोणी समजत असेल तर तो भ्रम होय. उघड्यावर टाकलेल्या युरियाचा अमोनिया उडण्याचें थांबविण्यास हा लेप पुरा पडत नाहीं.

८. व्यवहारांत काय करावें?

या सर्व विवेचनाचा मथितार्थ असा कीं, अमोनिया जेथें उत्पन्न होईल तेथें त्यास धरून ठेवणारी माती असावी आणि ज्या वेगानें तो उत्पन्न होईल त्या वेगानें पिकानें तो उचलावा. त्यासाठीं पुढील गोष्टी कराव्या.

युरिया पृष्ठभागावर उघडा न ठेवतां मातीआड करावा. भाजीच्या वाफ्यांत तो घातल्यावर लगेच हलकें पाणी द्यावें, म्हणजे तो मातींत उतरेल. भातास वरखत देतांना खाचरांतील पाणी काढून मग युरिया द्यावा व नंतर पाणी बांधावें. सर्व खत एकदम न देतां दोन-तीन हप्त्यांनीं द्यावें. लहान रोप साऱ्या पोत्याचा अमोनिया एका आठवड्यांत खाऊं शकत नाहीं. चुना अथवा राख यांबरोबर युरिया मिसळूं नये, कारण अल्कधर्मी द्रव्यांच्या संगतीनें अमोनिया अधिक उडतो. खारजमिनींत व समुद्राच्या वाऱ्याच्या तोंडीं असलेल्या शेतांत ही काळजी विशेष घ्यावी.

कोंकणांत प्रसार पावलेल्या चारसूत्री भातलावणींत या तत्त्वाचा उत्तम उपयोग केलेला आहे. तींत युरिया व डीएपी यांची दाबून केलेली गोळी चार चुडांच्या मध्यें ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलांत खोंचतात. गोळी एकाच जागीं असल्यानें ती हळूहळू विरघळते, अमोनिया मातींत अडकतो, वर हवा नाहीं म्हणून उडत नाहीं व खालीं प्राणवायु नाहीं म्हणून त्याचें नायट्रेटही सहसा होत नाहीं. मजुरी थोडी अधिक पडते हें खरें. परंतु हवेंत जाणाऱ्या पोत्याची किंमत त्या मजुरीशेजारीं मांडून पाहावी आणि मग निर्णय करावा.

समीकरणाचे आंकडे कोणाही शेतकऱ्यास बदलतां येणार नाहींत. युरियाच्या एका भागापासून अमोनियाचे दोन भाग निघावयाचेच. वेग मात्र पुष्कळ अंशीं आपल्या हातांत आहे. खोली, ओलावा, वेळ व हप्ते यांवर तो आवरतां येतो. प्रमाण जाणून वेगास लगाम घातला, तर विकत घेतलेलें नत्र पिकाच्या पदरीं पडेल.